व्यायल्यानंतर गिनी पिगची मादी खंगते आहे? आधी काय बघायचं आणि डॉक्टरांकडे कधी धावायचं

माझ्याकडे अकरा वर्षांपासून गिनी पिग आहेत. पुण्यात ओळखीतून ओळख निघत आता दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी खोक्यात मादी आणि पिल्लं घेऊन दारात उभं असतं. बहुतेकांना दुकानातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून जोडी दिलेली असते किंवा मादी आणतानाच गाभण असते. एके दिवशी सकाळी पिंजऱ्यात केसाळ, डोळे उघडे, धावती पिल्लं दिसतात आणि घरात आनंदीआनंद होतो. आठवड्याभराने फोन येतो: पिल्लं मस्त आहेत, पण आई काही खात नाही.

हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण सगळ्या घराचे डोळे पिल्लांवर असतात. गिनी पिगची पिल्लं जन्मतःच तयार असतात. त्यांना दात असतात, एक-दोन दिवसांत ती गवत कुरतडू लागतात. साठ-सत्तर दिवस ती आईच्या पोटात वाढलेली असतात आणि तो सगळा भार आईने पेललेला असतो. तीन-चार पिल्लांचं मिळून वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत सहज जातं. त्यानंतर दूध पाजायचं, आणि आचळं फक्त दोन. या तीन आठवड्यांत जपायचं असतं ते आईला.

लक्षणं

तिची पाठ हाताला बोचू लागते, मणके आणि कंबरेची हाडं जाणवतात. गवत टाकल्यावर ती उठून येत नाही, किंवा येते, हुंगते आणि परत जाते. लेंड्या कमी, बारीक, टोकदार किंवा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. केस फिस्कारलेले, डोळे अर्धे मिटलेले. पिल्लं जवळ आली की ती उठून दूर जाते. कधी उलटंही असतं: आई ठीक दिसते, पण पिल्लांचं वजन वाढत नाही आणि ती सारखी चिरचिरत असतात.

काही गोष्टी मात्र दोष नाहीत. व्यायल्याच्या दिवशी थोडं रक्त दिसणं, तिने वार खाऊन टाकणं, पिल्लांची ढुंगणं चाटत बसणं (त्याशिवाय लहान पिल्लांना लघवी-शी नीट होत नाही), पिल्लांनी आईच्या लेंड्या खाणं, हे सगळं नेहमीचं आहे. लेंड्यांतून पिल्लांच्या पोटात चांगले जिवाणू जातात, म्हणून त्यांना अडवू नका. ‘ती दूध पाजताना दिसतच नाही’ हीसुद्धा सारखी येणारी काळजी. ती मांजरीसारखी आडवी पडून पाजत नाही. बसल्या बसल्या पाजते, पिल्लं खाली शिरतात आणि थोड्याच वेळात आटपतं. पाजते की नाही, हे वजनाचा काटा सांगतो.

हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा

- बारा तासांत तिने काहीच खाल्लेलं नाही, किंवा लेंड्या पूर्ण बंद आहेत.
- अंग झटके देतंय, थरथरतंय, मागचे पाय लटपटतायत, मान टाकली आहे.
- तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतोय.
- पिल्लं झाल्यावरही ती वीस मिनिटांहून जास्त वेळ कळा देते आहे, किंवा मागून काही बाहेर लोंबतंय.
- व्यायल्याला एक-दोन दिवस होऊन गेले तरी रक्त जातंय, किंवा घाण वासाचा स्राव आहे.
- आचळ लाल-निळं, गरम, दगडासारखं झालंय.
- पोट ढोलकीसारखं ताणलंय.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेते आहे.

यातल्या एकाही गोष्टीवर घरगुती उपाय नाही. गिनी पिग दुखणं लपवतो. तो आजारी ‘दिसू लागतो’ तोवर बराच वेळ गेलेला असतो.

यातलं काही नसेल, तर पुढच्या क्रमाने तपासा. मी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरुवात करते, आणि निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच सापडतो.

१. काटा आणि लेंड्या

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर डबा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज एकाच वेळी आईला आणि प्रत्येक पिल्लाला तोला. वहीत लिहा. व्यायल्याच्या दिवशी आईचं वजन एकदम उतरतं, ते मोजू नका. दुसऱ्या दिवशीचा आकडा हा पाया. माझा ठोकताळा असा: एका दिवसात तीसेक ग्रॅम गेले तर त्याच दिवशी कारण शोधायचं. पायाच्या आकड्यातून दहावा हिस्सा गेला, म्हणजे ९०० ग्रॅमची मादी ८१० वर आली, की डॉक्टर.

पिल्लं जन्मताना साधारण ७० ते १०० ग्रॅमची असतात. साठच्या खालचं पिल्लू नाजूक समजा. पहिले एक-दोन दिवस वजन जागीच राहील किंवा किंचित उतरेल, मग रोज तीन ते पाच ग्रॅमनी वाढायला हवं. एकच पिल्लू मागे पडत असेल तर ते दोन आचळांच्या रांगेत ढकललं जातंय. मोठ्या भावंडांना दिवसातून काही वेळा दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवून त्या एकट्याला आईजवळ सोडा. सगळीच पिल्लं अडली असतील तर दोष आईच्या दुधात आहे.

वजनाचा कंटाळा करू नका. केसांच्या गोळ्याकडे नुसतं बघून ५० ग्रॅमचा फरक मलाही आजवर ओळखता आलेला नाही.

२. नर अजून तिच्यासोबत आहे का?

गिनी पिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर बहुतेक वेळा ती त्याच दिवशी परत गाभण राहते. मग एकीकडे दूध, दुसरीकडे पोटात नवी पिल्लं. अशा माद्या माझ्याकडे आल्या आहेत, वर्षभरात सांगाडा झालेल्या. खाणं कितीही चांगलं दिलं तरी त्या भरून येत नाहीत.

म्हणून नर व्यायच्या आधीच वेगळा हवा. राहिला असेल तर हे वाचताच उचला. तो आधी तिच्यासोबत होता, तर व्यायल्याच्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा विणार असं धरूनच चाला. ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीतली दुसरी खरंच मादी आहे का, हेही याच वेळी जाणकाराकडून बघून घ्या.

३. पाण्याची बाटली

हे तपासायला दहा सेकंद लागतात आणि तरीही हे सर्वांत जास्त वेळा राहून जातं. बाटलीच्या नळीच्या टोकाला असलेली स्टीलची गोळी बोटाने आत दाबा. पाणी लगेच येतं का? आपल्याकडे बोअरचं पाणी असलं की नळीत पांढरा क्षार साठतो आणि गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

माझी पहिली मादी, मिरी, अशीच बसली होती. गवत तोंडात घ्यायची आणि टाकायची. मी तिला कोथिंबीर, काकडी, काय काय दिलं, रात्रभर जागले. सकाळी बाटली धुवायला काढली तेव्हा लक्षात आलं की आदल्या दिवशीच्या खुणेवरून पाणी एक रेषही खाली गेलेलं नाही. वाटीत पाणी ठेवल्यावर ती जे प्यायला लागली ते मी आजही विसरलेले नाही. दूध पाजणारीला पाणी कमी पडलं की पहिल्यांदा ती कोरडं गवत सोडते, आणि गवत सोडलं की आतडी मंदावतात.

नळी दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासा, मग नीट धुवा. या तीन आठवड्यांत दोन बाटल्या लावा, एक खाली पिल्लांच्या उंचीवर. उथळ, जड वाटीही चालेल, फक्त पिल्लू बुडेल इतकी खोल नको.

४. जागा आणि उकाडा

गिनी पिगचे पूर्वज अँडीज पर्वतातले, थंड हवेचे. अठरा ते चोवीस अंशांत त्यांना बरं वाटतं, सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे त्रास सुरू होतो आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तो लवकर होतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको, पण पुण्यातला वरच्या मजल्यावरचा पत्र्याचा टेरेसही जीव घेतो. पिंजरा खोलीच्या आत, जमिनीलगत, फरशीवर ठेवा. कपड्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली एका कोपऱ्यात ठेवली की ती स्वतःच तिला टेकून बसते. कूलरचा झोत थेट अंगावर नको, पिल्लं गारठतात.

पिल्लं सारखी मागे लागतात, तेव्हा आईला बाजूला जायला जागा हवी. पुठ्ठ्याचं दोन दारांचं खोकं पुरतं. एकाच दाराचं घर असेल तर ती आत कोंडली जाते.

आणि पाहुणे थांबवा. शेजारची मुलं पिल्लं बघायला दर तासाला येत असतील, तर धास्तीने खाणं सोडलेली मादी मी पाहिली आहे.

५. खाणं

इथे सर्वांत जास्त चुका प्रेमापोटी होतात. घरात बाळंतीण आहे या भावनेने लोक तिला गूळ, शिरा, दूध-भात, डिंकाचा लाडूसुद्धा देतात. एक आजी माझ्याकडे मोठ्या मायेने अळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण या प्राण्याचं पोट तंतूंवर चालतं. साखर, पिष्ट आणि दूध आत गेलं की आतड्यातले जिवाणू बिघडतात, वायू धरतो, जुलाब होतात. बाळंतिणीचं म्हणून काही द्यायचंच असेल तर शेपूच्या दोन-चार काड्या द्या, आवडीने खाते.

मुख्य खाणं वाळलेलं गवत, चोवीस तास, हवं तितकं. परदेशी टिमथी परवडत नसेल तर स्वच्छ वाळवलेलं मारवेल किंवा हरळी चालते. रस्त्याकडेचं गवत घेऊ नका, त्यावर धूर, कुत्र्यांची लघवी आणि फवारणी असते. कोवळी ज्वारी चारा म्हणून कधीच नको, तिच्यात विष असतं हे शेतकऱ्यांना माहीत आहे, शहरातल्यांना नसतं. ओल्या, बुरशी आलेल्या गवताचा नुसता वास आला तरी फेकून द्या.

एरवी मोठ्या गिनी पिगला मी लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा, अल्फाल्फा; लसणीशी संबंध नाही) देत नाही, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडे होतात. पण गाभण आणि पाजणाऱ्या मादीला तोच लसूणघास रोज मूठभर द्यावा. तिचं कॅल्शियम आणि प्रथिनं दुधात जात असतात. बाजारातून आणलेला ओला घास एकदम भरपूर घालू नका, पसरून सुकवा आणि दोन-तीन दिवसांत वाढवत न्या.

आता क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगचं शरीर हे स्वतः बनवू शकत नाही. साध्या दिवसांत किलोमागे रोज साधारण १० मिलिग्रॅम लागतं, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला ३० च्या आसपास. ते कमी पडलं की हिरड्या आणि सांधे दुखतात, केस खरबरीत होतात आणि ती चावायचं टाळते. बघणाऱ्याला वाटतं भूक नाही. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत सशांचं खाद्यच ‘गिनी पिगलाही चालतं’ म्हणून देतात. सशाला बाहेरून हे जीवनसत्त्व लागत नाही, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलंच नसतं. गिनी पिगचं खरं खाद्य घेतलं तरी पाकिटावरची तारीख बघा. तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं उडून जातं.

यावर महागडं काही लागत नाही. ९०० ग्रॅमच्या मादीला रोज सत्तावीस-एक मिलिग्रॅम हवं. आवळ्याची दहा-बारा ग्रॅमची फोड तेवढं देते. आंबट म्हणून नाक मुरडलं तर पेरूची साधारण पंधरा ग्रॅमची फोड, किंवा हिरव्या ढोबळी मिरचीचा मोठा तुकडा. पेरूत साखर असते, म्हणून तेवढीच. ताजी कोथिंबीर रोज चालते. काहीच खात नसेल तर क जीवनसत्त्वाची साधी १०० मिलिग्रॅमची गोळी, पाव भाग कुटून पाण्याच्या दोन थेंबांत, सुई काढलेल्या सिरिंजने. चघळायच्या रंगीत गोड गोळ्या नकोत. मल्टिव्हिटॅमिनचे थेंबही नकोत, त्यातलं अ आणि ड जास्त झालं तर अपाय होतो. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवू नका. उजेडात आणि पाण्यात ते टिकत नाही, शिवाय चव बदलल्याने ती पाणीच सोडते.

कांदा, लसूण, बटाट्याचे मोड, भिजवलेली कडधान्यं, पोळी, बिस्किट: काहीही नाही. कोबी-फ्लॉवरने वायू धरतो, या दिवसांत टाळा.

६. आचळं

रोज एकदा तिला मांडीवर टॉवेलवर घ्या, पार्श्वभागाला आधार द्या आणि मागच्या पायांच्या जवळची दोन्ही आचळं बोटाने हलकेच चाचपा. मऊ, कोमट, दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात. एक बाजू घट्ट, गरम किंवा निळसर लागली तर ती स्तनांची सूज आहे, गाई-म्हशींना दगडी होते तीच. पिल्लांच्या दातांनी जखम होते, अस्वच्छ आणि खरबरीत अंथरुणातून जंतू आत जातात. जाड लाकडाचा भुसा काढून स्वच्छ सुती किंवा फ्लीसचं कापड घाला, रोज बदला.

दगडी ओळखणं तुमचं काम, उपचार डॉक्टरांचा. दूध पिळून काढायचा प्रयत्न करू नका. पिल्लांना त्या आईजवळ ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. दुसरी पाजणारी मादी घरात असेल तर ती सहसा परक्या पिल्लांना पिऊ देते.

७. डॉक्टर मिळेपर्यंत हाताने भरवणं

थोडं खाते आहे पण पुरेसं नाही, आणि भेट संध्याकाळची मिळाली आहे, अशा वेळेसाठी हे. गिनी पिगचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून पेजेइतकं पातळ करा. एक मिलीची सिरिंज, सुई काढलेली. तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे टोक सरकवा, थेंब-थेंब द्या, चावून गिळू द्या, मग पुढचं. दर दोन-तीन तासांनी पाच ते दहा मिली. पाठीवर उताणं धरून कधीही नाही, ते फुप्फुसात जातं. पोट ताणलेलं असेल तर एक थेंबही भरवू नका, थेट निघा.

इथून पुढे आपला हात नको

एक मादी माझ्या हातून गेली. गुबगुबीत होती, पहिलीच खेप, व्यायल्याच्या तिसऱ्या दिवशी खाणं बंद. मी ‘थकली असेल’ म्हणून रात्रभर थांबले. सकाळी तिच्या श्वासाला तो गोडसर-उग्र वास होता आणि दुपारी ती गेली. गाईंमध्ये जिला कितनबाधा म्हणतात त्याच जातीचा हा आजार. खाणं कमी पडलं की शरीर साठलेली चरबी वेगाने जाळायला लागतं, यकृत ते झेपवू शकत नाही, रक्तात विषारी द्रव्यं साठतात. व्यायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा पहिला आठवडा धोक्याचा. लठ्ठ आणि पहिलटकरीण मादीला जास्त. घरी यावर काहीच करता येत नाही, म्हणून पहिलटकरीण मादीने एक वेळचं खाणं पूर्ण टाळलं तरी मी आता फोन उचलते.

कॅल्शियम उतरल्याचे झटके, पोटात राहिलेलं पिल्लू, गर्भाशयाची सूज यांचंही तसंच. त्यासाठी इंजेक्शन, सलाइन, सोनोग्राफी, वेळ पडली तर शस्त्रक्रिया लागते.

डॉक्टर निवडताना आधी फोनवर विचारा: ‘तुम्ही गिनी पिग बघता का?’ कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात, पण हा प्राणी वेगळा आहे. परळ, नागपूर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथेही चौकशी करता येते. आणि एक गोष्ट नम्रपणे पण नक्की बोला: तोंडाने पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन नको. ही औषधं गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. घरातल्या कपाटातलं उरलेलं प्रतिजैविक किंवा वेदनाशामक तर कधीच देऊ नका. नेताना पिल्लं सोबत घ्या, खोक्यात गवत भरपूर, आणि ती वजनाची वही. डॉक्टरांना त्या वहीचा जेवढा उपयोग होतो तेवढा आपल्या वर्णनाचा होत नाही.

दूध तुटल्यावर

एकविसाव्या दिवशी नर पिल्लं वेगळी करायची. तोवर ती साधारण १८० ग्रॅमची झालेली असतात. ‘अजून लहान आहेत’ म्हणून ठेवू नका, ती आईला आणि बहिणींना गाभण करू शकतात. वडील स्वभावाने शांत असतील तर ती त्यांच्यासोबत राहतात. मादी पिल्लं आईजवळच ठेवा. एखादी मादी अजून दीडशे ग्रॅमचीच असेल तर तिला आणखी काही दिवस पिऊ द्या.

दूध आपोआप आटतं. चार-पाच दिवस आचळं रोज चाचपा, कारण याच वेळी दगडीचा दुसरा धोका असतो. लसूणघास आठवड्याभरात कमी करत बंद करा. कुशीवरचे केस विरळ झाले असतील तर घाबरू नका, बाळंतपणानंतर असं होतं आणि काही आठवड्यांत परत येतात. ती खाजवत असेल, कातडीवर कोंडा किंवा खपल्या असतील, तर मात्र खरूज असू शकते आणि ती डॉक्टरांनीच बघायची.

लोक विचारतात, पुढची खेप कधी घ्यावी. माझं मत: घेऊच नये. प्रत्येक बाळंतपणात तिच्या जिवाला धोका असतो आणि पिल्लांना चांगली घरं मिळत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

वजन रोज घेणं दूध तुटल्यानंतर आणखी दोन आठवडे चालू ठेवा. आकडा सलग सात दिवस स्थिर राहिला किंवा वाढला की आठवड्यातून एकदा पुरे, आणि बाटलीची नळी मात्र त्या दिवशीही दाबून बघा.